बॅटरीचं घराणं

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा आप्पांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाले, "आठ दिसांनी या, बाई. चौकशी करतो."

मला वाटलं, खोली कधी रिकामी होतेय याची चौकशी असेल. आठ दिवसांनी गेले तर म्हातारा माझीच कुंडली मांडून बसला होता. माझी आधीची शाळा खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर. हा गृहस्थ तिसगावहून एस.टी. बदलत बदलत तिथवर जाऊन आला होता. शाळेत गेला नाही, मुख्याध्यापकांना भेटला नाही. शाळेसमोरच्या टपरीवर दोन चहा प्याला, पिठाच्या गिरणीत दळणवाल्या बायकांत तासभर बसला आणि परत आला.

"दूधवाल्याशी भांडता," आप्पांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. "सैपाकात तिखट लई. पोरं चुकली की खडू फेकून मारता, पर नेम न्हाई तुमचा, कुनाला लागत न्हाई. ऱ्हावा खुशाल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, आणि माझ्या खडूचा नेम हा माणूस मलाच सांगतोय! पण तिसगावात दुसरी खोली मिळत नव्हती, म्हणून मुकाट्यानं किल्ली घेतली. त्या खोलीत पुढं चार वर्षं राहिले. आता बदलीनं सोनईला आहे, खोली तिच्याहून मोठी आहे, नळाला पाणी जास्त येतं, आणि तरी कधीकधी एखादी वस्तू विकत आणली की ती पिशवीतून काढताना मी उगीच थांबते. कुणी तरी विचारेल असं वाटतं, "इचारलं का कुनाला?"

हे आप्पांचं पालुपद होतं. मी चपला आणल्या, "इचारलं का कुनाला?" मेथीची जुडी आणली, "इचारलं का कुनाला?" एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, मेथीबद्दल कुणाला विचारू?" तर शांतपणे म्हणाले, "जिनं काल त्याच्याकडून नेली तिला." मी त्या दिवशी रागानं मेथी केली. तिच्यात वाळू निघाली.

आप्पा आयुष्यभर एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. ओट्यावर बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे. नवीन आणलेली कुठलीही वस्तू, मग तो कुकर असो की केरसुणी, तीन दिवस फडताळावर नुसती ठेवायची, वापरायची नाही, असा त्यांचा नियम होता. "बघू द्या तिला जरा घर," असं म्हणायचे. कोण कुणाला बघत होतं देव जाणे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची लेक मनीषा, दोघंच.

मनीषा माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान. लग्न होऊन गेली होती आणि परत आली होती. पाथर्डीला एका ॲल्युमिनियमच्या दुकानात ती रोजानं कामाला जायची. खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायच्या, पडद्यांचे रॉड ठोकायचे, देवघराच्या फळ्या लावायच्या. दुपारी घरातले पुरुष शेतात असताना अनोळखी माणसाला आत घ्यायला बायका कचरतात, मनीषाला मात्र चहा करून पाजत. म्हणून तिच्या नावानंच कामं यायला लागली होती. आता तिला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. अडचण एकच. आमच्याकडे दिवसा वीज असते ती सांगण्यापुरती, आणि दुकानाचं ड्रिल वायरचं. तिला बॅटरीवरचं ड्रिल हवं होतं. ते ती स्वतःच्या कमाईतून केव्हाच घेऊ शकली असती. पण आप्पा म्हणाले, "मी घिऊन देतो. नीट चौकशी करून घिऊन देतो."

मी राहायला गेले तेव्हा या बोलण्याला सहा महिने झाले होते. पुढं आणखी दीड वर्ष गेलं.

तुम्ही म्हणाल, ड्रिल घ्यायला दोन वर्षं? मीही म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "ड्रिल कोन बगतंय? ड्रिल उद्या मिळंल. बॅटरी बगायची." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही, खाचाच वेगळ्या. आज ज्या घरची बॅटरी घेतली, त्याच घरचा उद्या कटर, परवा ग्राइंडर, तेरवा करवत. निवड एकदाच होते, पुढची सगळी खरेदी तिच्या मागून चालते. कंपन्यांची इंग्रजी नावं आप्पांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून ते रंगावरून बोलायचे. हिरवे, निळे, पिवळे. ऐकणाऱ्याला वाटावं, गावच्या निवडणुकीचं चाललंय.

चौकशी दुकानात करायची नाही, हा त्यांचा दंडक. दुकानदार चांगलंच सांगणार. आप्पा भाकरीचा डबा घेऊन सकाळच्या गाडीनं नगरला जायचे आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस सेंटरच्या बाकड्यावर दिवसभर बसायचे. कोण येतं, कुठल्या रंगाचं घेऊन येतं, किती दिवसांत परत येतं, रडत येतं की शिव्या देत येतं, सगळं वहीत लिहायचे. दुकानात नवऱ्यामुलाचा फोटो बघायला मिळतो, खरा माणूस दवाखान्यात दिसतो, असं त्यांचं शास्त्र. तिथल्या लोकांना वाटलं, बाबांचं यंत्र आत दुरुस्तीला आहे. त्यांनी चहा दिला. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बाबा, तुमचं मशीन कोणतं?" तर आप्पा म्हणाले, "आजून ठरलं न्हाई, बाळा. तुझ्याकडं हिरवे जास्त येत्यात का निळे?" तिनं हसत हसत सांगूनही टाकलं. आप्पांना सगळे सांगून टाकायचे. समोरचा माणूस खरंच ऐकतोय हे लोकांना कळतं, आणि असं कुणी रोज भेटत नाही.

एकदा आमच्या आठवडे बाजारात एक जण ताडपत्रीवर बॅटरीची ड्रिलं मांडून बसला होता. बॅटरीवर ठळक अक्षरात अठ्ठेचाळीस व्होल्ट. आप्पांनी बॅटरी हातात घेऊन वजन पाहिलं आणि खिशातला पेचकस काढला.

"खोलू का?"

"खोला की काका, अस्सल माल आहे."

आप्पांनी चार स्क्रू काढले. भोवती माणसं जमली. आत अंगठ्याएवढी नळकांडी होती, मोजून पाच. "एकेकाचं साडेतीनाच्या थोडं वर धर," आप्पा म्हणाले. "पाच जनांचं अठ्ठेचाळीस कसं व्हतंय रं? बाई, हिशोब करा." मी गणिताची बाई, भाजीची पिशवी सावरत म्हटलं, "अठरा." सगळा बाजार हसला. विकणाऱ्याचं तोंड इतकं उतरलं की आप्पांनाच वाईट वाटलं. त्यांनी स्क्रू परत बसवले आणि जमलेल्यांना म्हणाले, "वस्तू वाईट न्हाई. घरात खुंटी ठोकायला चांगली हाय. फकस्त अठराची म्हनून घ्या." त्याची दोन ड्रिलं तिथंच खपली.

पण मोठ्या कंपन्याही कुणी अठरा लिहितात, कुणी वीस. मी त्याबद्दल विचारलं तर आप्पा हसले. "एकच हाय ते. पुरी भरल्यावर येक घटका वीस दावती, काम कराया लागली की अठरा. बायोडाट्यात उंची लिवत्यात, तसलं."

आता तो बघण्याचा कार्यक्रम सांगते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आप्पांनी तीन सुतार मिस्त्री आपापल्या यंत्रांसह घरी बोलावले, एक हिरवावाला, एक निळावाला, एक पिवळावाला. ओट्यावर सतरंजी घातली. मनीषानं पोहे केले. मला सांगितलं, "तुमी आमच्याकडून बसा." तिन्ही यंत्रं पाटावर मांडली आणि आप्पांचे प्रश्न सुरू झाले.

"भावंडं किती?" म्हणजे याच बॅटरीवर चालणारी दुसरी यंत्रं किती.

"माहेर कुठं?" म्हणजे सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी.

"आनी धा वर्सांनी कंपनीनं खाचा बदलल्या तर आमच्या पोरीनं कुनाकडं बगायचं?"

मिस्त्री मंडळी पोहे खात, हसू दाबत उत्तरं देत होती. प्रत्येक यंत्र आप्पा उजव्या हातात धरून बघत, पण करंगळी बाहेर काढून. चारच बोटांनी मूठ आवळायची, चाप दाबायचा, पुन्हा ठेवायचं. मला वाटलं, हेही त्यांचं एक खूळ. निळावाला मिस्त्री म्हणाला, "आप्पा, पोरगी बघितल्यागत बघताय की मशीन!"

"मशीन म्हंजी पोरगी न्हाई रं," आप्पा रंगात येऊन म्हणाले. "पोरगी आपन. बॅटरी म्हंजी सासर. येकदा त्या घरात गेलं की दुसऱ्या घरचं काई बसत न्हाई. म्हनून आदी घरानं बगायचं, मंग..."

बोलता बोलता ते थांबले. मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसले. मनीषानं चहा ठेवला, रिकाम्या बशा उचलल्या आणि सहज म्हणाली, "निळ्याची मूठ जाड हाय, आप्पा." आणि आत गेली.

मिस्त्री गेल्यावर आप्पा मोरीत बशा विसळायला बसले. मी पुसायला घेतल्या. पाठमोरेच बोलत होते.

"त्या घरची मी विहीर बघितली, बाई. ट्रॅक्टर बघितला. पोरगा कंपनीत हाय म्हनले, मी मान हलवली. कंपनीनं त्याला कवाच काडून टाकला हुता. हे त्या गावच्या चहावाल्याला म्हाईत हुतं. मी चहावाल्याला इचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "फसवलं त्यांनी. तुमची काय चूक?"

"ती चूक ऱ्हाऊ द्या." त्यांनी बशी खाली ठेवली. "ती पैल्यांदा घरी आली तवा म्हनली, आप्पा, तो मारतो. मी म्हनलं, सौंसारात व्हतं, जमवून घे. रजा काडली आनी माज्याच यष्टीनं परत निऊन सोडली. मी. गाडीत रडली न्हाई ती. खिडकीतनं भाईर बघत हुती. आठ म्हयन्यांनी दुसऱ्यांदा आली तवा उजव्या हाताची करंगळी मोडल्याली हुती. ती काय सरळ झाली न्हाई परत."

मनीषाची करंगळी वाकडी आहे हे मी रोज पाहत होते. आप्पा यंत्राची मूठ चार बोटांनी का आवळतात, हे मात्र मला तेव्हा कळलं. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. त्या एस.टी.तल्या पोरीला मी ओळखत होते, तिच्या हातचे पोहे आत्ताच खाल्ले होते. आणि त्याच वेळी बशी विसळणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटलं. मी रागही काढला नाही, हातही फिरवला नाही. बशा पुसत राहिले.

नंतर एकदा मी मनीषालाच सरळ विचारलं. "तू जाऊन घेऊन का येत नाहीस? इतकी कामं हातची जातायत." ती जाळीची चौकट घासत होती. म्हणाली, "जाऊ द्या, मॅडम. त्यांना एवढी येक गोष्ट माझ्यासाठी नीट करायचीय. करू द्या." थोड्या वेळानं हसली. "पन कराच म्हणावं आता."

दिवाळीला तीन आठवडे असताना गावाबाहेरच्या नवीन बंगल्याचं काम तिला मिळालं. सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या, सगळे पडदे, सणाच्या आत. असं काम पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या नावावर आलं होतं. ते जमलं तर पाथर्डीची रोजंदारी सुटणार होती. नाही जमलं तर पुन्हा दुकानाचं दार. दुकानमालकानं स्वतःचं ड्रिल द्यायला साफ नकार दिला होता, आणि त्याचंही काही चुकलं नाही. मनीषानं सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, "आप्पा, सोमवारी काम चालू करायचंय."

"निळ्यांचं येक इचारायचं ऱ्हायलंय," आप्पा वही उघडत म्हणाले. "नगरला गुरवारी..."

"आप्पा." तिनं कप खाली ठेवला. "मी रविवारी नगरला जानार. तुमी येनार का?"

आप्पांनी वही मिटली. त्या दिवशी ते ओट्यावर बसले नाहीत, गाड्यांचे आवाज ऐकले नाहीत. संध्याकाळी माझ्या दाराशी आले, टोपी हातात. "बाई, रविवारी तुमी बी चला. मी मधी बोलाया लागलो तर मला गप करा. वर्गात तुमचा धाक हाय, मला कळल्यालं हाय."

रविवारी आम्ही तिघं गाडीला. आप्पा आणि मनीषा शेजारी बसले. ती खिडकीशी. आप्पा सबंध रस्ताभर तिच्याकडे चोरून बघत होते. तिला ते कळत होतं, कारण करंजीचा घाट ओलांडल्यावर तिनं त्यांना न विचारता पिशवीतला चिवडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

दुकानदारानं तिन्ही रंगांची यंत्रं काचेवर मांडली आणि सवयीनं आप्पांकडे वळला. "बोला काका, कुठलं द्यायचं?"

आप्पांनी तोंड उघडलं. मी खाकरले.

"हिला इचारा," आप्पा म्हणाले. "वापरनार ही हाय."

मनीषानं एकेक उचललं. चाप दाबून पाहिला, हात उंच करून छताकडे रोखून पाहिलं, कारण रॉड ठोकताना हात तासन्‌तास तसाच वर असतो. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिनं पिवळं पुढं सरकवलं. आप्पांच्या वहीत पिवळे तिसरे होते.

त्यांचा जबडा हलताना मला दिसला. मी पुन्हा खाकरले, पण आता ते थांबणार नव्हते. "मनी, ह्यांची भावंडं कमी हायत गं. चार्जर बी हळू हाय."

"हाय हळू," ती म्हणाली. "पन पाथर्डीपासून आपल्याकडं समद्या मिस्त्र्यांकडं पिवळंच हाय, आप्पा. कामावर बॅटरी संपली, लाइट नसली, तर घटकाभर मागायला शेजारी मानूस पायजे. हिरवं घिऊन मी कुनाकडं मागू?"

आप्पा काचेवर बोट ठेवून उभे राहिले. दोन वर्षं, नगरच्या कितीतरी खेपा, भरलेली वही, आणि हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. बॅटरी कशी आहे ते विचारलं, आजूबाजूला कोण आहे ते राहिलं. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं.

"हे बराबर हाय तुझं," ते म्हणाले.

दुकानदारानं नवी पेटी आणून तिच्यापुढं ठेवली. "बघून घ्या ताई. आधीच सांगतो, एकदा सील फोडलं की परत घेत नाही. बिघडलं तर दुरुस्त होईल. पण आवडलं नाही, जमलं नाही, म्हणून आणलंत तर चालणार नाही."

त्यानं हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हटलं असेल. मनीषाचं नख सीलवर होतं, ते तिथंच थांबलं.

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमी नका घिऊ," ते दुकानदाराला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. दुकानात गिऱ्हाइकं होती, रविवारची गर्दी होती, पण त्यांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. "न्हाई जमलं तर घरी आन, मनी. पयल्याच दिशी आन. मी काईयेक इचारनार न्हाई."

दुकानदार आमच्याकडं बघायला लागला. "काका, चांगलं आहे हो मशीन. काही होणार नाही त्याला."

माझे डोळे भरले आणि ते लपवायला मी भिंतीवरच्या करवती बघू लागले. मनीषानं मान वर केली नाही. वाकड्या करंगळीच्या त्या हातानं तिनं पेटी जवळ ओढली.

"व्हय, आप्पा," ती म्हणाली, आणि सील फोडलं.